बटण दाखवा, बक्षीस मिळवा

मराठी भाषा मोठी काटकसरी आहे. माणसाचं वय आणि त्या वयात नाकावर चढणारा चष्मा, दोन्हींना तिने एकच शब्द ठेवला: चाळिशी. माझी पहिली चाळिशी आली तेव्हा घरच्यांनी केक कापला. दुसरी आली तेव्हा चष्मेवाल्याने खिसा कापला. तेव्हापासून एखादी वस्तू दिसली नाही की दोष माझाच, असं मी आधीच कबूल करून टाकतो. त्यातून मी बँकेतला कारकून. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर आमच्यातला माणूस पहिल्यांदा स्वतःचंच ड्रॉवर उपसतो.

म्हणून आमच्या बँकेचं मोबाईल ॲप नव्या रूपात आलं आणि त्यातलं 'पुढे जा' हे बटण मला सापडेना, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. मग फोन पुसला. मग खिडकीशी गेलो आणि पाचशेची नोट खरी की खोटी बघतात तसा फोन उजेडाकडे तिरपा धरला. शेवटी आमच्या कन्येने, जी कॉलेजात जाते आणि म्हणून सर्वज्ञ आहे, एका मोकळ्या जागेवर बोट टेकवलं आणि पडदा पुढे सरकला.

"इथेच तर होतं, बाबा."

"कुठे?"

"हे काय. ती हलकीशी सावली दिसत नाही का?"

सावली! वीस वर्षं बँकेत काढली, पण सावली बघून पैसे पुढे करावेत असं मला कुठल्याही साहेबाने शिकवलं नव्हतं.

बँक कोणती ते विचारू नका. मला अजून सोळा वर्षं तिथेच रोज सकाळी अंगठा टेकवायचा आहे. एवढंच सांगतो की पूर्वीचं ॲप अगदीच खेडवळ होतं. हिरवं बटण, लाल बटण, मधे ठसठशीत काळी अक्षरं. नवं ॲप मात्र शालीन. पडदाभर एकच रंग, पावसाळ्यात घरात वाळवलेल्या बनियनचा. त्यावर त्याच रंगाचे काही उंचवटे. गादीवर मांजर बसून उठलं की जसा खोलगा राहतो, तसे काही खोलगे. अक्षरं राखाडी, तीही इतक्या संकोचाने छापलेली की वाचताना आपणच त्यांची खाजगी गोष्ट ऐकतोय असं वाटावं. वरिष्ठांचं पत्रक आलं: ॲप आता 'सौम्य, स्वच्छ आणि सोपं' झालं आहे, ग्राहकांना प्रवृत्त करावं. माझ्यासारख्यांना 2024 च्या करारात कारकुनाऐवजी 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं मुलायम नाव मिळालं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की संस्थेला कडा घासायची हौस आली आहे.

कॉमर्सच्या पदवीधराने कलेवर टीका करावी का, हा प्रश्न आहे. पण हल्ली कलाच माझ्या खात्यात शिरली असल्यामुळे मी थोडा अभ्यास केला. तो असा.

या मऊ उंचवट्यांच्या शैलीला न्यूमॉर्फिझम म्हणतात. 2019 च्या अखेरीस अलेक्झांडर प्लुटो नावाच्या डिझायनरने एक काल्पनिक ॲप रंगवून दाखवलं, त्यावरून जगभरच्या डिझायनर मंडळींना ही लागण झाली. ते काल्पनिक ॲप कशाचं होतं? मोबाईल बँकिंगचं! जगात इतके धंदे असताना हा मऊपणा नेमका आमच्याच गल्ल्यावर येऊन बसला. कृती सोपी आहे. पाठीमागचा जो रंग तोच बटणाचा. वरच्या डाव्या अंगाला पांढरी छटा, खालच्या उजव्या अंगाला जरा गडद छटा. झाला उंचवटा. छटा आतल्या बाजूला फिरवल्या की बटण दाबलं गेलं असं समजायचं. म्हणजे दाबलेलं आणि न दाबलेलं यांतला फरक हा मुळात धुक्याचा बाहेरचा भाग आणि आतला भाग यांतला फरक.

या मंडळींची बाजूही ऐकली पाहिजे, कारण त्याआधी जे होतं ते काही संतांचं राज्य नव्हतं. सुरुवातीच्या आयफोनमध्ये टिपणवही पिवळ्या रेघांच्या कागदाची असे, पुढे पुस्तकांना लाकडी फळी आली, आणि कॅलेंडरला तर कातड्याची शिवण. काचेला कातड्याची शिवण! आमच्या बँकेचं जुनं संकेतस्थळ म्हणजे जत्राच होती. अकरा रंग, वरून पळणारी अक्षरं, आणि कोपऱ्यात 'नवीन' असं चार वर्षं लुकलुकणारी एक पट्टी. अशा घरात कुणीतरी झाडू घेऊन येणारच. मायक्रोसॉफ्टने 2012 च्या विंडोज 8 मध्ये सपाट चौकोन मांडले, ॲपलने 2013 च्या आयओएस 7 मध्ये कातडं सोलून टाकलं, गूगलनेही 2014 मध्ये आपलं नवं वळण आणलं. झाडू चांगला फिरला. फक्त कचऱ्याबरोबर बटणांच्या कडाही गेल्या. बटण म्हणजे नुसता एक रंगीत शब्द उरला. मार्च 2014 मध्ये ॲपलने सेटिंगमध्ये एक सोय दिली: हवं असेल तर बटणांना आकार दिसेल. ही सोय ठेवली कुठे, तर अपंगत्वासाठी असलेल्या सोयींच्या दालनात. म्हणजे बटण बटणासारखं दिसावं ही इच्छा हा आता एक आजार ठरला, आणि त्यावरचं औषध शोधायलाही तीन-चार ठिकाणी बोट दाबावं लागतं.

यात मी एकटाच आजारी आहे असंही नाही. नील्सन नॉर्मन ग्रुप ही वापरसुलभतेचा अभ्यास करणारी संस्था. तिने 2017 मध्ये एकाच पानाच्या दोन आवृत्त्या लोकांपुढे ठेवल्या, एक ठळक खुणांची आणि एक पुसट खुणांची. पुसट पानावर लोकांना सरासरी 22 टक्के जास्त वेळ लागला. बँकेत 22 टक्के व्याज लावलं तर मोर्चा येईल. गूगललाही हा हिशेब कळला. मजकूर लिहायची जागा आधी त्यांनी नुसत्या एका रेघेवर भागवली होती. पुढे लोकांवर तपासणी केली आणि 2018 मध्ये तिला चौकट परत दिली.

आणि अंतराचं काय? अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातल्या फरकालाही एक रेशो असतो, हे मला ठाऊक नव्हतं. रेशो म्हटल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. कॉलेजात आम्हाला करंट रेशो शिकवला होता: दोनास एक असेल तर धंदा ठणठणीत. इथे जागतिक संकेत सांगतात की साध्या अक्षराला निदान साडेचारास एक हवा, मोठ्या अक्षराला आणि बटण ओळखू येण्याच्या खुणेला तीनास एक. पांढऱ्यावर काळं म्हणजे एकवीसास एक, त्यापुढे जग नाही. न्यूमॉर्फिझमच्या उंचवट्याचा रंग मागच्यासारखाच असतो, म्हणजे रेशो जवळजवळ एकास एक. अशा ताळेबंदाच्या गिऱ्हाइकाला आमच्या बँकेने कर्ज दिलं नसतं. ॲप मात्र दिलं.

इथवर सगळं गंमतीचं होतं. पुढचं तितकंसं नाही.

आमच्या शाळेत चित्रकलेला एक सर होते. आता शहात्तर वर्षांचे आहेत, आमच्याच शाखेत त्यांची पेन्शन येते. एलिमेंटरीच्या परीक्षेला त्यांनी मला बसवलं आणि त्यांचं ते एक अपयश सोडल्यास कारकीर्द निष्कलंक आहे. माझ्या वस्तुचित्रातला तांब्या कधी टेबलावर बसलाच नाही, तो कायम चार बोटं वर तरंगायचा. सर मागे येऊन उभे राहत आणि म्हणत, "अरे, सावली दे त्याला. सावलीशिवाय वस्तू जमिनीवर येत नाही."

तीन वर्षांपूर्वी शाखेला ॲपचं टार्गेट आलं तेव्हा मी सरांना धरलं. "सोपं आहे हो सर," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या महिन्यात किमान दोनशे लोकांना म्हणालो असेन, पण आठवतं ते एवढंच. सरांनी ते विद्यार्थ्याचं वाक्य म्हणून मनावर घेतलं. घरी जाऊन त्यांनी एक वही केली. एका पानावर एक पडदा, पेन्सिलीने आखलेला, रंगीत खडूने भरलेला. हिरवं बटण हिरवं, लाल बटण लाल. खाली सुंदर अक्षरात: 'येथे दाबणे. मग थांबणे.' ती वही घेऊन ते सोसायटीचे पैसे, विजेचं बिल, काकूंच्या औषधांचे पैसे सगळं घरबसल्या भरू लागले. कधी शाखेत आले तर ऐटीत सांगायचे, "काही काम नाही, सहज आलो."

नवं ॲप आलं आणि वही एका रात्रीत इतिहासजमा झाली.

महिन्याभराने सर काउंटरवर आले, सहज नव्हे. सोसायटीचे अडीच हजार दोनदा गेले होते. त्यांनी पैसे पाठवले, पिन घातला, आणि पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही. 'व्यवहार पूर्ण झाला' ही ओळ पडद्यावर आली होती, पण पांढऱ्यावर फिकट राखाडीत, मुंगी चालून गेल्यासारखी. सरांना वाटलं, गेलेच नाहीत. त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या महिन्यात वळते करून घेऊ. सेक्रेटऱ्यांची ही भाषा आम्हा बँकवाल्यांना समजते. अडीच हजार म्हणजे काही आभाळ कोसळलं नव्हतं. मी धीर द्यायला म्हणालो, "सर, आता कसं करता मग?"

"शेजारचा मुलगा आहे ना. तोच करून देतो. पिन त्यालाच सांगून ठेवलाय."

माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला. पिन कुणाला सांगू नका, असा फलक माझ्या डोक्यावर टांगलेला आहे. तेच वाक्य आम्ही एसेमेसने पाठवतो, भिंतीवर चिकटवतो, मेळाव्यात माईकवर ओरडून सांगतो. आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणाची पेन्सिल न विचारता घेतली नाही, त्याने आयुष्याची पुंजी एका अकरावीतल्या मुलाच्या स्मरणशक्तीवर ठेवली होती. का? तर एक बटण फार सभ्य होतं. मुलगा गुणाचा निघाला, ही सरांची पुण्याई. पत्रकात तिचा उल्लेख नव्हता.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवलेली एकच गोष्ट मला पुरती कळली आहे: दुहेरी नोंद. प्रत्येक जमेसमोर कुठेतरी एक नावे असतेच. पडद्यावरून एखादी गोष्ट काढली की ती नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडते. बटणाची कड काढली, ती शोधायचं काम माझ्या डोळ्यांच्या नावे पडलं. शब्द काढून नुसतं चिन्ह ठेवलं, ते लक्षात ठेवायचं काम डोक्याच्या नावे. 'झालं' हे मोठ्याने सांगणं काढलं, त्याची धास्ती सरांच्या नावे. आणि साधेपणाची जमा? ती डिझायनरच्या खाती. पडदा साधा झाला की वापर साधा झाला असं या मंडळींना वाटतं, पण हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत, आणि ते एकमेकांत मिसळणं याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात.

मी साधेपणाच्या विरुद्ध नाही. साधं वरण मला प्राणप्रिय आहे. पण साध्या वरणातही हळद असते, हिंग असतो, आणि मीठ तर असतंच असतं. सगळंच काढल्यावर उरतं त्याला वरण म्हणत नाहीत, डाळीचं पाणी म्हणतात, आणि ते आजाऱ्याला देतात. ज्या डीटर रॅम्सचं नाव ही मंडळी देवासारखं घेतात, त्यांनी आणि डीट्रिच लुब्स यांनी ब्राउन कंपनीसाठी 1987 मध्ये ईटी 66 नावाचा कॅल्क्युलेटर केला. आयफोनच्या सुरुवातीच्या कॅल्क्युलेटरने त्याचंच रूप उचललं होतं. अंगावर दागिना म्हणून एक नाही. पण प्रत्येक बटण गोल आणि फुगीर, न बघता बोटाला कळावं असं, आणि 'बरोबर'चं बटण पिवळंधमक. याला म्हणतात साधं वरण.

आमच्या बँकेतही हे शहाणपण होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या निमशहरी शाखेत पितळी टोकनं शेवटचे श्वास घेत होती. हातात वजन लागायचं, नंबर कोरलेला असायचा. पैसे भरायची स्लिप एका रंगाची, काढायची दुसऱ्या. आणि रबरी शिक्का! त्याचा धप्प असा आवाज झाला की काउंटरपलीकडचा माणूस श्वास सोडायचा. त्या आवाजात सौंदर्य नव्हतं, पावती होती. आमच्या चौकातल्या भाजीवालीने तर या साऱ्या सौम्यतेचा निकालच लावला आहे. तिच्या टोपलीशेजारी एक बोलकं खोकं असतं. गिऱ्हाइकाने फोन नाचवून हिरवी टिक दाखवली तरी ती ढुंकून बघत नाही. खोकं खणखणीत आवाजात 'साठ रुपये प्राप्त झाले' म्हणालं की मगच मेथीची जुडी सुटते. देखण्या पडद्यांवर यापेक्षा परखड टीका कुठल्या समीक्षकाने केलेली माझ्या वाचनात नाही.

पुढच्या रविवारी मी सरांकडे गेलो. आधी पिन बदलायला लावला, नवा मलाही सांगू नका म्हटलं. मग फोनच्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरं ठळक केली, रंगांतला फरक वाढवला. अक्षरं थोडी सुधारली, ॲपमधले उंचवटे जसेच्या तसे. सरांनी फोन हातभर लांब धरला आणि एक डोळा मिटून, वर्गात वस्तूचं माप घ्यायचे तसा, बराच वेळ बघत राहिले.

"प्रकाश डावीकडून, वरून," ते म्हणाले. "पोराने बरोबर घेतलाय. छाया मऊ आहे, हातही चांगला आहे. पण अरे, वस्तू कुठे आहे?"

मला एकदम माझा तांब्या आठवला. त्याला वस्तू होती, सावली नव्हती. इथे सावली होती, वस्तू नव्हती. मला 'सी' मिळाली होती; या डिझायनराला काय मिळालं असेल देव जाणे. मी सरांना सांगितलं की ही पंचाईत इथेच संपलेली नाही. 2025 मध्ये ॲपलने सगळा पडदा काचेसारखा आरपार करून पाहिला, आणि अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड झाल्यावर पुढच्या सुधारणेत काच थोडी गढूळ करायची सोय द्यावी लागली. सर म्हणाले, "मग आधीच माती लावायची होती."

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. आमचा प्रबंध त्यांनी उभ्याउभ्या ऐकला, फोन मागून घेतला, "दाबायचं नेमकं कुठे?" असं विचारलं, आणि आरशाच्या कडेला लावलेली एक लाल टिकली काढून फोनच्या काचेवर त्या जागी चिकटवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "दिसतंय आता?"

दिसत होतं. दाराशी उभं राहिलं तरी दिसत होतं. इतकी वर्षं, इतक्या परिषदा, आणि पाच रुपयांच्या पाकिटातली एक टिकली! सरांनी तिथल्या तिथे स्वतः विजेचं बिल भरलं, एकदाच, आणि वहीत नवं पान उघडून त्यावर राखाडी पडदा व मधोमध लाल ठिपका काढला.

तीन आठवडे टिकली चालली. मग ॲप पुन्हा सुधारलं, बटण दोन बोटं खाली सरकलं, आणि टिकली नेमकी 'रद्द करा' वर आली.

परवा सर शाखेत आले. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्यांनी निळ्या शाईने स्लिप भरली. अक्षर असं की फाइलमध्ये लावताना वाईट वाटावं. मी पैसे घेतले, नोंद केली आणि गरज नसताना जरा जोरानेच शिक्का मारला.

धप्प.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं, सर."

सरांनी पावती घडी करून वहीत ठेवली. मी वरिष्ठांना लेखी सूचना पाठवली आहे: बटणाला रंग द्यावा, कड द्यावी आणि ते एका जागी राहू द्यावं. तीन ओळींचा अर्ज आहे, अगदी साधा. उत्तर आलं आहे, पण ते ॲपमध्येच आलं असल्यामुळे अजून वाचता आलेलं नाही.